शनवार तेल्यांच्या गल्लीत एक सकाळ

आमचं नाशिकला लाकडी घाण्याच्या तेलाचं दुकान आहे. सासऱ्यांच्या वेळेपर्यंत घाण्याला बैल होता, आता मोटार आहे, पण उखळ आणि त्यात फिरणारी लाट अजून लाकडाचीच. माहेरचाही धंदा हाच. त्यामुळे ‘शनवार तेली’ हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले. आजोबा सांगायचे, कोकणात आपल्यासारखेच तेली आहेत, पण ते शनिवारी घाणा जुंपत नाहीत. आमच्याकडे सोमवारी जुंपत नसत. सोमवार महादेवाचा, आणि घाण्याचा बैल म्हणजे नंदी, मग त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही. (आमच्या पंचवटीतल्या कपालेश्वरासमोर नंदीच नाही, तरी सोमवार कडक पाळायचा.) ते शनिवारवाले कोण, हे मात्र आजोबांना ठाऊक नव्हतं. ते बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, हे मला लग्नानंतर सावानातून, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून, आणलेल्या एका पुस्तकात वाचून कळलं.

म्हणून मुंबईत मशीद बंदरच्या जुन्या ज्यू वस्तीतून पायी फिरवून माहिती देतात असं भाचीने कळवलं, तेव्हा मी आणि मोठ्या जाऊबाईंनी त्याच दिवशी नावं दिली. माणशी ९०० रुपये. नाशिकहून जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. फेरी रविवारी सकाळी नऊला सुरू होते, शनिवारी नसतेच, कारण तो त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र वार. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने निघालात तर फेरी चुकलीच म्हणून समजा. आम्ही शनिवारी दुपारी निघालो आणि मुलुंडला भाचीकडे राहिलो. सोबत आधार कार्ड हवंच, नावं आधी कळवावी लागतात, दारावर तपासणी होते. २००८ साली कुलाब्याच्या नरिमन हाऊसवर, म्हणजे ज्यूंच्या केंद्रावर, जो अतिरेकी हल्ला झाला त्यानंतर ही काळजी घेतलीच पाहिजे, त्याबद्दल कुणी कुरकुर करू नये.

मशीद स्टेशनच्या पश्चिमेला सगळे जमलो. मोजले तर बावीस जण. एवढ्या अरुंद गल्ल्यांना बावीस माणसं फार होतात. रविवार म्हणून शटरं बंद होती, हातगाड्या दांड्या वर करून भिंतीला टेकवलेल्या, तरीही मिरी, हळद आणि सुक्यामेव्याचा वास गल्लीत भरून राहिलेला. आमच्या नाशकात रविवार कारंज्यापासून सराफ बाजारात शिरताना वाडे कसे दोन्ही बाजूंनी अंगावर येतात, तसंच वाटलं.

फेरी घेणारा मुलगा अभ्यासू होता, हे आधी सांगते. सन-सनावळी त्याला तोंडपाठ, आणि गोष्ट सांगायची हातोटीही होती. आपण उभे आहोत त्या सॅम्युअल स्ट्रीटला नाव कुणाचं, तर सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांचं. मराठीत सामाजी हसाजी दिवेकर. इंग्रजांच्या फौजेत हे अधिकारी होते. म्हैसूरच्या दुसऱ्या लढाईत टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. तुम्ही कोण, असं विचारल्यावर त्यांनी ‘बेने इस्राएल’ सांगितलं, आणि यांचा उल्लेख कुराणात आहे म्हणून टिपूच्या आईने त्यांचा जीव वाचवला, अशी कथा समाजात सांगतात. सुटून आलो तर देवाचं घर बांधीन, असा नवस ते बोलले होते. १७९६ साली त्यांनी तो फेडला. तेच शाआर हारहमीम, म्हणजे दयेचं द्वार. मुंबईतलं हे पहिलं सिनेगॉग. पुढच्याच वर्षी तोराच्या, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या आणायला ते कोचीनला गेले आणि तिथेच वारले. एवढ्या खटाटोपाने बांधलेल्या जागेत त्यांना फार दिवस बसायला मिळालं नाही, हे ऐकून जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्ताची वास्तू पहिल्या जागेवरची नाही, १८६० साली ती इथे हलवली. बेने इस्राएल आपल्या प्रार्थनाघराला मशीदच म्हणत. ही ‘जुनी मशीद’, आणि स्टेशनला नाव मिळालं ते हिच्यावरून, असं सांगतात.

आता तक्रार. नाव नोंदवताना मी मराठीत फेरी हवी असं स्पष्ट सांगितलं होतं, आणि हो म्हणाले होते. प्रत्यक्षात तीन वाक्यं इंग्रजीत आणि एक मराठीत. जाऊबाई शेवटी मलाच विचारत राहिल्या, काय म्हणाला गं? दुसरं त्याहून लागलं. पूर्ण वेळ तो ‘ही लांबून आलेली माणसं’ अशा सुरात बोलत होता. आले असतील लांबून. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, ही त्यांची मूळकथा आहेच. पण त्यानंतर कोकणातल्या गावागावांत पिढ्यान्‌पिढ्या राहून पेणकर, रोहेकर, किहीमकर, चेऊलकर झालेल्या माणसांना पाहुणे कसं म्हणायचं? आणि तेलाविषयी किती बोलला, तर जेमतेम एक मिनिट! ‘ते तेल गाळायचे, शनिवारी सुट्टी घ्यायचे,’ संपलं. अहो, सगळं विसरलं तरी शनिवार आणि ‘शेमा’ची प्रार्थना विसरली नाहीत म्हणून तर ही माणसं पुढे ओळखू आली. गावात सगळ्यांचे घाणे फिरत असताना एक दिवस आपला थांबवायचा, येणारं गिऱ्हाईक परत पाठवायचं, हे धंदा करणाऱ्यालाच कळतं. त्यावर थांबायला हवं होतं.

ते सगळं भरून निघालं ते आत गेल्यावर.

आतली व्यवस्था बघणारे एक वयस्कर गृहस्थ होते. मधे तेबा, म्हणजे कठडा घातलेलं उंच व्यासपीठ, तिथे उभं राहून वाचन करतात. पश्चिमेच्या भिंतीत हेखाल, म्हणजे तोरा ठेवायचं कपाट, कारण इथून जेरुसलेम पश्चिमेला. बायकांना वर सज्जा. एक खुर्ची एलियाहू पैगंबरासाठी राखलेली, तिथे मुलाची सुंता होते. आमचा मार्गदर्शक पुढच्या जागेच्या परवानगीसाठी फोनवर बोलायला बाहेर गेला आणि बरेच जण फोटो काढता येत नाहीत म्हणून त्याच्या मागे गेले. आम्ही दोघी छताला टांगलेले काचेचे दिवे बघत उभ्या राहिलो. मी काकांना विचारलं, तेल कुठलं घालता?

“खोबरेल,” ते म्हणाले. मग माझ्याकडे नीट बघून, “तुम्ही तेलाचं का विचारलंत?”

मी सांगितलं, आमचा घाणा आहे नाशिकला.

“वार कुठला पाळता?”

“सोमवार.”

“आमचा शनिवार,” असं म्हणून ते इतके प्रसन्न हसले! “म्हणजे बैलाला सुट्टी दोन्हीकडे.”

मग त्यांनी एक दिवा साखळीने खाली घेतला. आता बहुतेक दिव्यांत विजेचे बल्ब आहेत, हा तेलाचा होता. उभट काचेचा पेला, ओंजळीत मावेल एवढा. आधी अर्ध्यावर पाणी, त्यावर तेल. दोन्हींच्या मधली रेघ सुरीने कापल्यासारखी स्वच्छ. वर बुचाच्या चकतीत वात तरंगते. तेल संपत आलं की वात पाण्यापाशी येते आणि आपोआप विझते, म्हणून काच तडकत नाही. मी पेला नाकाजवळ नेला. तेलाला वासच नव्हता. बाजारचं गाळीव तेल, पांढरंफेक. घाण्याच्या खोबरेलाचा वास पेला जवळ आणायच्या आधीच येतो.

पुढची वीस मिनिटं काकांनी जे सांगितलं, त्यासाठी मी ९०० काय, दुप्पट दिले असते. त्यांच्या आजीच्या तोंडी सणांची नावं हिब्रू नव्हतीच. योम किप्पूर म्हणजे दारफळणीचा सण, दारं लावून उपास करायचा. जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोक करायचा तो दिवस म्हणजे बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी घरात वालाचं बिरडं. हिब्रू पंचांगाशी संबंध तुटला होता तेव्हा सण लक्षात ठेवले ते पानात काय वाढतात त्यावरून. नवस फेडायचा तो मलिद्याने, म्हणजे पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची आणि फळं, एलियाहूच्या नावाने. वर्षाच्या सुरुवातीला चिकाचा हलवा. इथे जाऊबाई पुढे सरसावल्या. “गव्हाचाच चीक ना? तीन दिवस भिजवून?” आमच्याकडे चिकाच्या कुरडया होतात, त्यांच्याकडे तोच चीक नारळाच्या दुधात आणि साखरेत आटवून वड्या. गाईम्हशीचं दूध का नाही, तर मांसाच्या जेवणासोबत दूध चालत नाही, म्हणून नारळाचं. चीक गाळायचं फडकं कोणतं, रोज पाणी बदलायचं की नाही, यावर दोघांची जी चर्चा रंगली ती मी अडवली नाही.

कीर्तनाचं तर मला नवीनच होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून यांच्यात मराठी कीर्तनं होत. आख्यान अब्राहामाचं किंवा योसेफाचं, आणि चाली आपल्याच, साकी, दिंडी, ओवी. काकांनी दिंडीतल्या दोन ओळी म्हणून दाखवल्या. आवाज थकलेला, पण ठेका पक्का. डोळे मिटून ऐकलं असतं तर गोदाकाठी बसल्यासारखं वाटलं असतं. लग्नात त्यांच्या बायका मंगळसूत्र घालतात, आधी मेंदी असते. वल्हांडण म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटकेचा सण, त्या रात्री वाचायची पोथी, हगादा, १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली, आणि तिच्या चित्रांत साडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दाखवल्या आहेत.

मग किती घरं राहिली, असं मी विचारलं. मोहल्ल्यात नावालाच, ते म्हणाले. १९४८ नंतर मंडळी इस्राएलला जायला लागली ती जातच राहिली. २०११ च्या जनगणनेत सगळ्या भारतात ज्यू पाच हजारांच्याही आत. महाराष्ट्राने २०१६ साली अल्पसंख्याक दर्जा दिला. सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. नववा आला की दहाव्याची वाट बघत बसावं लागतं, हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं, तक्रार म्हणून नाही. आणि तिकडे गेलेल्या भावंडांचे फोन येतात ते अजून मराठीत.

पुढे तणतणपुरा स्ट्रीटवरचं शाआरे रासोन बघितलं. ती ‘नवी मशीद’, नवी म्हणजे १८४० च्या सुमाराची. बाहेरूनच, कारण परवानगी आली नाही. हे आधी सांगायला हवं होतं. शेवटी टॅक्सीने काळा घोड्याला केनेसेथ एलियाहू. ते बगदादी ज्यूंचं, ससून घराण्याने १८८४ मध्ये बांधलेलं, २०१९ साली डागडुजी होऊन उघडलेलं. रंगीत काचा डोळे दिपवतात. सुंदर आहे, पण माझा जीव सॅम्युअल स्ट्रीटवरच राहिला होता.

जावं का? जरूर जावं. पण दहा जणांपेक्षा मोठा गट असेल तर पुढची तारीख घ्या. मराठी फेरीचं लेखी कबूल करून घ्या. गुडघे दुखत असतील तर सज्जाचा जिना सांभाळून चढा. डोकं झाकायला ओढणी किंवा रुमाल न्या, पुरुषांनीही. स्वच्छतागृह स्टेशन सोडल्यावर थेट काळा घोड्यालाच, तेव्हा त्या बेताने चहा घ्या. आणि आत गेल्यावर मार्गदर्शकाच्या मागे लगेच बाहेर पडू नका, तिथल्या माणसांशी मराठीत बोला.

निघताना मी काकांना विचारलं, घाण्याचं खोबरेल आणून दिलं तर दिव्यात चालेल का? ते म्हणाले, का नाही चालणार, आणा. दसऱ्यानंतर भाचीकडे जायचं आहे, तेव्हासाठी सुकं खोबरं निवडून ठेवलंय. दोन लिटर काढणार आहे. दारापर्यंत पोचवायला आले तेव्हा त्यांनी पुन्हा बजावलं, “रविवारी आणा हं ताई. शनिवारी आमचा घाणा बंद.”