धुंडाळून झालेल्या शेतात मेटल डिटेक्टर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

दारव्हा तालुक्यातील आमच्या शेताच्या वरच्या अंगाला एक रीठ आहे. तिथले गाव कधी उठले हे कोणाला सांगता येत नाही. पण तिथली पांढरी माती आजोबांच्या काळापासून बंड्या भरभरून आमच्या शेतात खत म्हणून पडत आली आणि तिच्यासोबत जुने पैसेही आले. ही गोष्ट पंचक्रोशीत ठाऊक असल्याने माझ्याआधी तिघांनी वडिलांची परवानगी घेऊन तिथे यंत्रे फिरवली आणि आता काही उरले नाही असे सांगून ते गेले. मी दिवाळीनंतर यंत्र घेतले ते याच शेतासाठी.

यंत्र मध्यम किमतीचे, 12 किलोहर्ट्झ या एकाच वारंवारितेवर चालणारे आहे आणि सोबत 11 इंची कॉइल (जमिनीलगत फिरवायची शोधचकती) मिळते. पऱ्हाटी उभी असेपर्यंत धुऱ्यालगतच फिरावे लागले आणि हाती एकही नाणे लागले नाही. शेतात वखराच्या पासेचे तुकडे, बैलांच्या नालांचे खिळे आणि काटेरी तार यांचा सडा आहे. मोठ्या कॉइलखाली खिळा आणि नाणे एकाच वेळी आले की खिळ्याचा संकेत नाण्याला झाकून टाकतो. त्यात डिस्क्रिमिनेशन लावून लोखंडाचा आवाज बंद केला असेल, तर नाण्याचाही आवाज कानावर पडत नाही. आधीच्या तिघांनी असेच शोधले असावे. म्हणजे उरलेली नाणी फार खोल नव्हती, ती लोखंडाच्या आड होती.

फेब्रुवारीत मी 6 इंची कॉइल वेगळी विकत घेतली, डिस्क्रिमिनेशन पूर्ण काढून टाकले आणि हात अगदी सावकाश फिरवू लागलो. खोली थोडी कमी मिळते, पण शेजारी पडलेल्या दोन वस्तू वेगळ्या ऐकू येतात. पहिली शिवराई अशीच सापडली: पूर्व-पश्चिम फिरवताना केवळ लोखंडाची घरघर होती, मी काटकोनात वळून पुन्हा फिरवले तेव्हा त्या घरघरीत एक बारीक, तुटक, उंच स्वर आला. चार इंचांवर गंजलेला खिळा निघाला आणि त्याला जवळजवळ चिकटूनच ते झिजलेले तांबे होते. ती तळहातावर घेतली तेव्हा वडील शेजारी उभे होते आणि आम्ही दोघेही बराच वेळ काही बोललो नाही.

आपल्या काळ्या मातीसाठी ग्राउंड बॅलन्सकडे, म्हणजे मातीतल्या खनिजांचा संकेत वगळण्यासाठी यंत्र जुळवून घेण्याकडे, विशेष लक्ष द्यावे लागते. ही माती बेसाल्ट खडकापासून झालेली, त्यामुळे तिच्यात चुंबकीय खनिजांचे प्रमाण बरेच असते आणि संवेदनशीलता वाढवली की यंत्र विनाकारण बोलू लागते. काळीतून पांढरीच्या पट्ट्यात शिरलो की मी प्रत्येक वेळी बॅलन्स नव्याने करतो आणि संवेदनशीलता निम्म्याच्या थोडी वर ठेवतो. एप्रिल-मे महिन्यांत जमिनीला हातभर भेगा पडतात; त्यांत ढासळलेले नाणे या यंत्राच्या आवाक्याबाहेर जाते. मृगाच्या पहिल्या पावसानंतरचे, पेरणीआधीचे चार-पाच दिवस मला सर्वांत फलदायी ठरले.

धातू कोणता असावा हे सुचवणाऱ्या, यंत्राच्या पडद्यावरच्या आकड्यांवर मात्र विसंबू नये. तांबे आणि चांदी वरच्या आकड्यांवर येतात हे खरे, पण बैलाची अखंड नालही कधी तिथेच बोलते. उलट एक आण्याचे तांबे-निकेलचे नाणे फवारणीच्या औषधाच्या बाटलीवरील ॲल्युमिनियमच्या सीलइतकाच आकडा दाखवते. तो आकडा टाळला असता तर आणा गेला असता, म्हणून मी शेकडो सील उकरले. आठ महिन्यांत एकूण अकरा नाणी मिळाली: 1943 ते 1947 या काळातले भोकाचे पैसे पाच, पाव आणे तीन (त्यांतला एक 1862 चा), शिवराया दोन आणि तो एक आणा.

तक्रार एकच आहे. हेडफोनची जोडणी चौथ्या महिन्यात सैल झाली आणि दुरुस्तीला सहा आठवडे लागले. या कामात बारीक स्वरच सर्व काही असल्याने तेवढे दिवस यंत्र निरुपयोगी होते.

रिठावर मी यंत्र नेलेले नाही, कारण तिथले थर विस्कटले की त्या गावाचा पुरावाच नाहीसा होईल. शेतातल्या नाण्यांची यादी जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी दिली आहे. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मूल्याच्या निधीची सूचना देणे बंधनकारक आहे. पुढच्या उन्हाळ्यात वखरणी झाली की मधला पट्टा लहान कॉइलने उत्तर-दक्षिण फिरणार आहे. तो आतापर्यंत एकाच दिशेने तपासला गेला आहे.