पिस्टनवर १.०० लिहिलं होतं, तरी मी पैसे पाठवले

गाडीच्या इंजिनाच्या कामात फसवणूक झाली. रक्कम १,६९,२०० रुपये. ही आधीच सांगतो, कारण तक्रार घेऊन जिथे गेलो तिथे पहिला प्रश्न हाच आला आणि आकडा ऐकला की समोरचा म्हणाला, "एवढे? जुन्या गाडीवर?" होय, जुन्या गाडीवर. राजदूत ३५०, म्हणजे यामाहाची आरडी ३५०, एस्कॉर्ट्सने १९८३ पासून इथे बनवलेली. माझी सुरुवातीची एचटी (हाय टॉर्क), ३०.५ अश्वशक्तीची. नंतर आलेली एलटी (लो टॉर्क) २७ ची. ज्याला हा फरक कळतो त्याला हेही कळतं की एचटीचे चांगले ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते सिलिंडर, आज पैसे देऊनही सहज मिळत नाहीत. माझे ते ब्लॉकच गेले.

संभाजीनगरात गॅरेज आहे, नाव लिहीत नाही. मिस्त्री टू-स्ट्रोकचा जाणकार म्हणून ओळखला जातो. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत बोअरिंगवाले, लेथवाले, टिग वेल्डिंगवाले त्याच्या ओळखीचे, आणि तिथे चांगलं काम होतं हे खोटं नाही. गाडी मार्चमध्ये दिली. काम ठरलं ते असं: क्रँक (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरतीत बदलणारा दांडा) उघडून नवे रॉड, बेअरिंग, सील. फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेले, पिस्टन. कार्बनच्या पाकळ्यांचे रीड, म्हणजे मिश्रण एकाच दिशेने आत सोडणारी झडप. पोर्टिंग, म्हणजे ब्लॉकमधल्या गॅसच्या वाटा घासून मोठ्या करणं. दोन एक्स्पान्शन चेंबर, म्हणजे ताकद वाढवणारे सायलेन्सर. ठिणगीसाठीचे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन.

पैसे गेले ते टप्प्याटप्प्याने. सुरुवातीला २५,००० ॲडव्हान्स. मग "पार्ट बाहेरून मागवायचेत" म्हणून ६२,०००. चेंबरचे २८,५००. बोअरिंग, क्रँक प्रेस आणि पोर्टिंगची मजुरी २१,०००. इग्निशनचे १८,०००. आणि शेवटी "कस्टम ड्युटी" म्हणून १४,७००, तेही दुसऱ्याच कुणाच्या यूपीआयवर. या शेवटच्या रकमेबद्दल मला सगळ्यात जास्त चीड आहे. कस्टमची रक्कम कुरिअर कंपनी पावती देऊन घेते, खाजगी माणसाच्या खात्यात जात नाही. पार्टचं बिल आलं त्यावरचा जीएसटी नंबर १४ अंकीच होता. खरा १५ अंकी असतो आणि महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या साइटवर टाकून बघायला एक मिनिट लागतं. ते एक मिनिट मी दिलं नाही.

पण खरी वेळ त्याआधीच येऊन गेली होती.

जुलैत रात्री अकराला व्हॉट्सॲपवर पिस्टनचा फोटो आला. हातात धरलेला एकच पिस्टन, माथ्यावर सायलेन्सरच्या बाजूचा बाण आणि शेजारी आकडा: १.००. आता हिशेब बघा. या इंजिनाचा मूळ बोअर, म्हणजे ब्लॉकच्या भोकाचा व्यास, ६४ मिमी. ब्लॉक झिजला की भोक मोठं करून मोठा पिस्टन घालतात; ही ओव्हरसाइज पाव-पाव मिमीने वाढत जाते: ०.२५, ०.५०, ०.७५, १.००. माझे ब्लॉक एकदाच बोअर झालेले, ६४.२५ वर. म्हणजे पुढचा पिस्टन ०.५० लागायला हवा. १.०० म्हणजे ६५ मिमी, कंपनीच्या हिशेबातली शेवटची ओव्हरसाइज. चांगल्या ब्लॉकमधून पाऊण मिमी लोखंड कोण आणि कशाला काढेल? त्याचा अर्थ एकच होता. तो पिस्टन माझ्या ब्लॉकसाठी नव्हताच, कुणाच्या तरी संपत आलेल्या ब्लॉकसाठी होता.

मी विचारलं. अगदी हाच प्रश्न विचारला. उत्तर आलं, "भाऊ, फोर्जिंगचा पिस्टन आहे, तापल्यावर जास्त फुगतो. क्लिअरन्स जास्त लागतो, म्हणून नंबर वेगळा असतो." यातलं फुगण्याचं आणि क्लिअरन्सचं, म्हणजे पिस्टन आणि ब्लॉकमधल्या फटीचं, खरं आहे. फोर्ज्ड पिस्टन साध्या ओतीव पिस्टनपेक्षा जास्त फुगतो आणि त्याला क्लिअरन्स जास्त ठेवावा लागतो. पण तो फरक मिमीच्या शंभराव्या भागात मोजतात, पाऊण मिमीत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. फट मोजायचा फिलर गेज माझ्या कपाटात होता. तरी मी "ठीक आहे" लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी मजुरीचे २१,००० पाठवले. त्या आधी चार महिने हा माणूस माझ्याशी पोर्ट टायमिंग, स्क्विश, रीडच्या स्टॉपरची उंची यावर अचूक बोलत होता. ज्याला एवढं येतं तो नंबर चुकवणार नाही, असं मी धरून चाललो. त्याने नंबर चुकवला नव्हताच.

आरडीच्या इंजिनात नंबर फक्त क्रँककेसवर असतो. ब्लॉक, हेड, क्रँक, गिअरचा सेट, कार्बोरेटर, यांतल्या कशावरही तुमच्या गाडीची ओळख नाही. आरसीवरचा इंजिन नंबर जुळतो आणि आत सगळं परकं असू शकतं. गाडी देण्याआधी ब्लॉकच्या खालच्या फ्लँजवर, पॅकिंगच्या जागेच्या बाहेर, पंचने दोन ठिपके मारा. क्रँकच्या वेबच्या, म्हणजे त्याच्या जाड चकतीच्या, कडेला एक. तारखेसह फोटो काढा आणि ते ठिपके मिस्त्रीला दाखवा. दाखवा म्हणजे दाखवाच, लपवून काही फायदा नाही.

गाडी नोव्हेंबरच्या शेवटी मिळाली. ब्लॉकवर जाड काळा हीटप्रूफ रंग मारलेला. माझ्या उजव्या ब्लॉकची वरून तिसरी फिन (थंड करणारी बाहेरची पट्टी) कोपऱ्यात तुटलेली होती आणि ॲल्युमिनियम वेल्डिंगने भरलेली होती. रंगाखाली ती दिसत नाही, असं मला वाटलं. ती तिथे नव्हतीच.

२१२ किमीवर जालना–संभाजीनगर रस्त्यावर, बदनापूरच्या अलीकडे, डावा पिस्टन जाम झाला. रनिंग-इन, म्हणजे नव्या बांधलेल्या इंजिनाचं सुरुवातीचं हळू चालवणं, चालू होतं, पेट्रोलमध्ये २५ ला १ असं तेल मिसळलेलं, वेग साठच्या आत. त्याच्या आधी तीन दिवस इंजिन सांगत होतं: थ्रॉटल सोडला तरी आरपीएम लगेच खाली येत नव्हता, हवेतच लटकत होता. टू-स्ट्रोकमध्ये हे झालं की समजा कुठूनतरी फुकटची हवा आत शिरते आहे आणि मिश्रण पातळ झालं आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं आहे. तेव्हाच गाडी थांबवायची. तुमची असं करत असेल तर हे वाचून होईपर्यंतही चालवू नका.

इंजिन दुसरीकडे, माझ्यासमोर उघडलं. जे निघालं ते असं.

क्रँक जुनाच. व्ही ब्लॉकवर ठेवून डायल लावला तर ०.११ मिमीची थरथर. ०.०३ च्या वर गेला की तो क्रँक प्रेसला जातो. या गाडीचा क्रँक तुकडे प्रेसमध्ये दाबून जोडलेला असतो, त्यामुळे रॉड बदलून परत दाबल्यावर सरळ करणं हाच खरा कामाचा भाग. रॉडसुद्धा बदललेले नव्हते. क्रँकची सील जुनी, ओठ कडक झालेले, नखाने दाबले तर तडकत होते. डावीकडचं सील कोरड्या बाजूला असतं, ते गळलं की हवा ओढली जाते आणि पिस्टन जळतो. उजवीकडचं क्लचच्या बाजूला, ते गळलं की गिअर ऑइल आत येतं आणि पांढरा धूर निघतो. म्हणजे धूर नाही म्हणून सील चांगलं, हा समज चुकीचा. वाईट सील धूर न करताच इंजिन मारतं.

हे आधीच पकडता आलं असतं. इंजिन बांधल्यावर इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून ६ पीएसआय हवा भरायची आणि सहा मिनिटं बघायचं. मिनिटाला एक पीएसआयपेक्षा जास्त उतरली की गळती आहे. महागडं यंत्र लागत नाही, बीपी मोजायच्या मशीनचा फुगा, त्याचा काट्याचा मीटर आणि घड्याळ पुरतं. काटा ३०० वर म्हणजे साधारण तेवढाच दाब. आरडीत दोन सिलिंडरच्या मधलं सील लॅबिरिंथ, म्हणजे नुसत्या खाचांचं, आहे, ते हवा पूर्ण अडवत नाही. म्हणून दोन्ही बाजू एकाच वेळी बंद करून भरा, नाहीतर चांगलं इंजिनही गळकं दिसेल. जो मिस्त्री ही चाचणी समोर करून दाखवायला नाही म्हणतो, त्याच्याकडून गाडी परत आणा.

पिस्टन साधे ओतीव, फोर्ज्ड नाहीत. ब्लॉक ६५ वर, आणि त्यातही क्लिअरन्स ०.१२. रस्त्याच्या गाडीला साध्या पिस्टनवर ०.०४ ते ०.०५ च्या आसपास हवा. कार्बन रीडच्या जागी मूळचे स्टीलचे, एका पाकळीचा कोपरा तुटलेला. तो तुकडा इंजिनातूनच गेला असणार. एक्झॉस्ट पोर्ट कानशीने वर आणि बाजूला ओढलेला, रुंदी ४९ मिमी. बोअरच्या सत्तर टक्क्यांपलीकडे एकसंध पोर्ट नेऊ नये, म्हणजे ६५ ला साडेपंचेचाळीस. त्यापुढे रिंग पोर्टमध्ये फुगते आणि कडेवर अडते. कडा घासून गोल केलेल्याही नव्हत्या, रिंगवर नख अडकेल असे ओरखडे होते. ज्याला पोर्टिंग येतं तो हे अजाणता करत नाही.

चेंबर बाहेरून देखणे. आत मागचा कोन आहे, पण शेवटची नळी, स्टिंगर, १७ मिमीची. ३८ च्या हेडरला (इंजिनाकडच्या नळीला) ती २२-२३ हवी. बारीक नळीने गॅस कोंडतो, पिस्टनचा माथा तापतो. त्यात पॉड फिल्टर, म्हणजे थेट कार्बोरेटरवर बसणारे उघडे एअर फिल्टर, लावलेले आणि मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य भोक) जुनाच. चेंबर आणि पॉड लावले की मेन जेट वाढवलाच पाहिजे, मग पूर्ण थ्रॉटलवर इंजिन बंद करून प्लग काढून रंग बघायचा. आपल्याकडे आणखी एक गोष्ट: मे महिन्यात बेचाळीस अंशांत बसवलेलं जेटिंग डिसेंबरच्या पहाटे पातळ पडतं, कारण थंड हवा घट्ट असते. परभणीकडे पारा एक आकडी होतो, तेव्हा एक नंबर मोठा जेट हाताशी ठेवा.

आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन. डावीकडचं कव्हर काढलं तर आत पॉइंट. १८,००० रुपये, आणि आत पॉइंट. कव्हर नुसतं स्क्रूने बसतं. गाडी घ्यायला गेलो तेव्हा खिशात स्क्रूड्रायव्हर होता.

तक्रारीचं सांगतो. गॅरेज ज्या हद्दीत त्या पोलीस ठाण्यात गेलो. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्या दिवशी हवालदार म्हणाले, "तुम्ही राहता तिथं द्या." आमच्याकडच्या ठाण्यात म्हणाले, "गॅरेज तिकडं, तिकडं जावा." परत तिकडे गेलो तर ठाणे अंमलदाराने सगळं ऐकलं, बिलं उलटी-सुलटी पाहिली आणि म्हणाले, "ही दुरुस्तीची तक्रार हाय. दिवाणी मॅटर. पैसे देताना आम्हाला इच्चारलं होतं का?" ब्लॉक बदलले, माझी वस्तू माझ्या परवानगीशिवाय काढून घेतली, हे दिवाणी कसं? त्याचं उत्तर कुणी देत नाही. "ब्लॉक म्हणजे काय?" इथून सुरुवात करावी लागते, आणि समजावून संपेपर्यंत समोरचा दुसऱ्याशी बोलायला लागलेला असतो. पाच फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीला दिवसाची रजा आणि बसचं भाडं. अदखलपात्र नोंदीचा एक कागद हातात दिला आणि जा म्हणाले. मिस्त्रीला एकदा फोन केला त्यांनी, तो "माल बाहेरून यायचाय" म्हणाला, आणि ते मला म्हणाले, "तो तर देतो म्हणतोय." काय देतो? गाडी येऊन, जाम होऊन पडली आहे!

जे मला उशिरा कळलं ते तुम्ही आधी लिहून ठेवा. फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये येते, आणि विश्वासाने सोपवलेली वस्तू हडपणं कलम ३१६ मध्ये. अर्जात दोन्ही लिहा, नाहीतर "दुरुस्तीचा वाद" हेच नाव पडतं. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. नोंदवायला नकार मिळाला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना, आणि शहर असेल तर पोलीस आयुक्तालयात, पोस्टाने पाठवायचा, त्यानंतर न्यायदंडाधिकारी. पोचपावती जपा. सायबर हेल्पलाइन १९३० चा उपयोग पहिल्या काही तासांत, पैसे पुढे सरकायच्या आत. मी त्या १४,७०० साठी सात आठवड्यांनी फोन केला.

जिल्हा ग्राहक आयोगात वेगळी तक्रार दिली आहे. पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, वकील नसला तरी चालतं. तिथे ज्यांना काम समजतं अशांचा लेखी अहवाल लागतो. म्हणून दुसऱ्या ठिकाणी इंजिन उघडताना मोजमापांचा कागद सही-शिक्क्यासह घ्या. मी घेतला, आणि हातात तेवढंच एक भक्कम आहे.

कुणी गाडी देणारच असेल तर पार्टचे पैसे मिस्त्रीला नाही, पार्ट विकणाऱ्याला द्या, डबा तुमच्या घरी उघडा आणि मगच गॅरेजला न्या. बोअरिंगच्या दिवशी लेथसमोर उभे राहा. जुने रॉड, जुनी बेअरिंग, जुने पिस्टन पिशवीत परत मागा. परत मिळाले नाहीत तर नवे बसलेले नाहीत. आणि ताकद वाढवायच्या आधी ब्रेक: इथल्या ३५० ला पुढेसुद्धा ड्रमच आहे, तो ३०.५ अश्वशक्तीलाच अपुरा पडतो.

ब्लॉक अजून सापडलेले नाहीत. एचटीची जोडी, बोअर ६४.२५, उजव्याची वरून तिसरी फिन पुढच्या कोपऱ्यात वेल्डिंगने भरलेली, वेल्डिंगची फुगीर रेघ आतल्या बाजूला राहिली आहे. रंग मारलेला असला तरी बोटाला लागते. मराठवाड्यात किंवा बाहेर कुणी अशी जोडी विकायला आणली तर त्या फिनवरून बोट फिरवून बघा, फोटो काढा आणि मला कळवा.