शिकारीच्या काडतुसांसाठी प्रीमियम बुलेट: .४४ मॅग्नममधील काही महिन्यांचा अनुभव

माझ्या .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरची शिकारीची काडतुसे मी दारू आणि बुलेट घालून स्वतःच तयार करतो आणि गेले काही महिने त्यांत तीन महागड्या बुलेट आलटून पालटून वापरतो आहे: हॉर्नाडीची एक्सटीपी, स्विफ्टची ए-फ्रेम आणि बार्न्सची निव्वळ तांब्याची एक्सपीबी. तुलनेसाठी कडक शिशाची, सपाट नाकाची ओतीव बुलेटही सोबत ठेवली आहे. खोक्यावर ‘प्रीमियम’ छापलेले आहे एवढ्यावरून बुलेट आपल्या कामाची ठरत नाही. जनावराला लागताना तिचा जो वेग उरलेला असतो तो तिच्या घडणीला मानवतो का, हे पाहूनच निवड करावी, असे माझे आता पक्के मत झाले आहे.

रायफलमध्ये वेग मुबलक असतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न इतका अडत नाही. .४४ मॅग्नमची २४० ग्रेनची, म्हणजे साधारण साडेपंधरा ग्रॅमची बुलेट साडेसात इंची नळीतून सेकंदाला सुमारे १,३५० फूट वेगाने निघाली, तरी बोथट नाकामुळे १०० यार्डांवर तो वेग १,१०० फुटांच्या आसपास येतो. या तिन्ही बुलेटांचे नाक पोकळ असते आणि जनावराला लागल्यावर ते उमलून रुंद होते. तसे उमलायला ठरावीक किमान वेग लागतो, आणि रिव्हॉल्व्हरसारख्या हँडगनमध्ये आपण त्या किमान वेगाच्या फारसे वर कधीच नसतो.

एक्सटीपीचे जॅकेट, म्हणजे बाहेरचे धातूचे कवच, आणि आतला शिशाचा गाभा एकमेकांना सांधलेले नसतात, तरीही हरणाच्या बरगड्यांमागून आडव्या बसलेल्या २४० ग्रेनच्या बुलेटने मला कधी निराश केले नाही. ती उमलते आणि बहुतेक वेळा आरपार जाते. फऱ्याचे हाड मध्ये आले की मात्र चित्र बदलते. रानडुकराच्या पलीकडच्या कातड्याखाली सापडलेल्या एका बुलेटचे जॅकेट फुलाच्या पाकळ्यांसारखे मागे वळले होते, पोकळीत केसांचा बोळा ठासून बसला होता आणि शिशाचा बराच भाग झडून गेला होता. काम झाले होते, पण हाती फारसे काही राखीव उरले नव्हते.

ए-फ्रेममध्ये पुढच्या आणि मागच्या शिशामध्ये तांब्याची आडवी भिंत असते आणि पुढचे शिसे जॅकेटला सांधलेले असते. पुढचा भाग कितीही पसरला तरी मागचा अर्धा भाग शाबूत राहून आत शिरत राहतो, त्यामुळे जवळच्या अंतरावर, हाडावर आणि जाड जनावरावर तिच्यासाठी मोजलेले पैसे वसूल होतात. लांबवर हीच मजबुती आड येते. १०० यार्डांवर ओळीने ठेवलेल्या पाण्याच्या कॅनमधून ती जेमतेम उमललेली निघाली, आणि एवढ्यासाठी इतकी किंमत मोजण्यात मला अर्थ दिसत नाही.

एक्सपीबी कमी वजनात चांगली खोल जाते आणि तिचे वजन जवळपास झडतच नाही. तांबे शिशापेक्षा हलके असल्यामुळे तेवढ्याच वजनाची बुलेट लांब होते आणि पुंगळीतली, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्यातली, दारूची जागा खाते. म्हणून शिशाच्या बुलेटसाठी दिलेले दारूचे प्रमाण तिला कदापि लावू नये. उत्पादकाच्या पुस्तिकेत त्याच बुलेटसाठी दिलेले आकडेच पाळावेत. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून बंदुकीने कोणत्याही वन्यप्राण्याची शिकार करताना शिसेविरहित बुलेट सक्तीची आहे, तेव्हा तिथे शिकार करणाऱ्याची निवड अशाच बुलेटांपुरती उरते.

या सगळ्यांत ओतीव बुलेट सर्वांत स्वस्त, आणि खोल शिरण्यात तिने तिघींनाही मागे टाकले. सपाट नाकाची रुंदी हेच तिचे बळ, कारण ती उमलत नसल्याने वेग कमी-जास्त झाला तरी तिचे वागणे फारसे बदलत नाही. मात्र तिचा व्यास सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसे बसतात त्या फिरत्या भागाच्या, भोकांच्या तोंडाशी जुळला पाहिजे. थोडी बारीक पडली की मागून निसटणारा वायू शिसे वितळवतो, नळीच्या आतल्या पिळदार खाचांत त्याचा थर बसतो आणि काही फैरींतच नेम पांगतो. हरणासाठी तिची गरज नाही, मोठ्या डुकरासाठी मी तीच भरतो.

ज्याकडे दुर्लक्ष होते ते म्हणजे क्रिंप, म्हणजेच पुंगळीच्या तोंडाची पकड. नवी बुलेट घेतली की मी सहा काडतुसे भरतो, पाच झाडतो आणि न झाडलेल्या सहाव्याची लांबी कॅलिपरने पुन्हा मोजतो. ३०० ग्रेनच्या एका बुलेटच्या वेळी धक्क्यांनी ती पुंगळीतून नजरेला दिसेल इतकी पुढे सरकली होती. आणखी थोडी सरकती तर तिचे नाक बाहेर येऊन सिलिंडर फिरायचाच थांबला असता, आणि शिकारीत हे घडले तर समोर जखमी डुक्कर असू शकते. क्रिंपची खाच नीट खोल असणे हा माझ्या लेखी नाकाच्या घडणीइतकाच महत्त्वाचा गुण आहे.

बुलेटचे वजन बदलले की साइट्स, म्हणजे नेम धरायच्या खुणा, पुन्हा जुळवाव्या लागतात. जड बुलेट नळीत जास्त वेळ राहते, तेवढ्यात नळी धक्क्याने अधिक उचलली जाते आणि त्यामुळे जवळच्या अंतरावर बुलेट वर लागते. २४० आणि ३०० ग्रेनच्या काडतुसांसाठी मागच्या साइटच्या स्क्रूची स्थिती मी खोक्यांवरच लिहून ठेवली आहे, आणि एका दिवसाच्या शिकारीला निघताना दोन्ही खोकी सोबत घेत नाही.