टाळी वाजवली, पोरगं वळलं आणि मी ९७,५२१ रुपये भरले

न बोलणाऱ्या मुलाला ९० दिवसांत बोलकं करतो म्हणणाऱ्या एका सेंटरला मी किती पैसे दिले, तो आकडा आधीच सांगते. नोंदणी ५०१. ‘ब्रेन मॅपिंग’ ४,५००. नव्वद दिवसांचं पॅकेज ६४,०००. त्यावर जीएसटी म्हणून ११,५२०. कानाला लावायचं ‘साउंड थेरपी’चं यंत्र ९,८००. थेंबांच्या तीन बाटल्या, एकेक २,४०० ची, म्हणजे ७,२००. एकूण ९७,५२१ रुपये. यातले पन्नास हजार माझ्या भिशीचे होते. बाकीचे मिस्टरांच्या ओव्हरटाइमचे.

मी अडाणी नाही. बी.कॉम. आहे, तालुक्याच्या पतसंस्थेत अकरा वर्षं कॅशियर आहे. लोकांच्या सह्या, शिक्के, पॅन कार्ड हेच दिवसभर बघते. म्हणून तर हे लिहायला सहा महिने लागले. घरात अजून सगळ्यांना पूर्ण आकडा माहीत नाही.

मुलगा तेव्हा तीन वर्षं एक महिन्याचा होता. ‘मम’, ‘बा’ आणि ‘आ’, एवढीच बोली. काही हवं असलं की माझं बोट धरून फ्रिजपर्यंत ओढत न्यायचा आणि मला कळलं नाही की फरशीवर डोकं आपटायचा. सासूबाई म्हणायच्या, “ह्याचा बापसुद्धा चार वर्षांनी बोलला, काही होत नाही.” त्यांनी वेखंड उगाळून जिभेला लावलं, पोपटाचा उष्टा पेरू खाऊ घातला. त्यांना मी बोल लावत नाही. त्यांनी जे केलं ते मायेनं केलं आणि त्यात एक रुपयाही गेला नाही. पण प्रत्येक लग्नात, बारशात कुणीतरी विचारायचंच, “अजून बोलत नाही?” ज्यांनी हे ऐकलंय त्यांनाच माझी तेव्हाची अवस्था कळेल.

जून २०२४ मध्ये बालवाडीच्या ग्रुपवर मेसेज आला. ‘न बोलणाऱ्या मुलांसाठी मोफत शिबिर, ९० दिवसांत बोलका, लेखी गॅरंटी.’ १६ जूनला, रविवारी, मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये. पुढचं सगळं अशा शिबिरांत असतं तसंच. व्हिडिओ, रडणाऱ्या आया, ‘माझा मुलगा आता गाणं म्हणतो’ सांगणारे एक गृहस्थ, शेवटच्या दहा जागा, आजच नाव नोंदवलं तर सूट. त्यावर शब्द घालवत नाही.

मला बोलायचंय ते २२ जूनच्या सकाळबद्दल. वटपौर्णिमेचा दुसरा दिवस. सेंटरमध्ये टेबलामागे पांढरा कोट घातलेल्या एक मॅडम होत्या. मी त्यांना स्वतःहून सांगितलं, “हाक मारली तर कधी वळतो, कधी नाही. टीव्हीचा आवाज फार मोठा करतो.” मी सांगितलं होतं! त्या उठल्या, मुलाच्या मागे गेल्या आणि जोरात टाळी वाजवली. तो दचकून वळला. त्या हसल्या, “बघा, कान एकदम छान आहेत. हट्टीपणा आहे. मेंदूची डावी बाजू झोपलीय, ती जागी करायची.”

मला इतकं हायसं वाटलं की पुढचं काही डोक्यात शिरलंच नाही. टाळी मोठी असते. अर्धवट ऐकू येणारं मूलही टाळीला वळतं. बोलण्यातले स, त, क हे आवाज बारीक असतात, तेच त्याच्यापर्यंत पोचत नव्हते. हे मला चार महिन्यांनी कळलं. मूल बोलत नसेल तर सगळ्यात आधी कानांची तपासणी होते, ओएई किंवा बेरा म्हणतात तिला, यंत्रावर ऐकू येतं का ते बघतात. ही तपासणी झाली का, एवढंही जो विचारत नाही त्याच्या टेबलासमोरून मूल उचला आणि बाहेर पडा. पांढऱ्या कोटाकडे बघू नका.

आणि ती पावती. ही गोष्ट मला रात्री झोपू देत नाही. पावतीवर अठरा टक्के जीएसटी लावला होता, पण जीएसटी नंबर कुठेच नव्हता. मान्यताप्राप्त क्लिनिकमधल्या उपचारांवर सहसा जीएसटी लागत नाही, हे मला माहीत आहे, आमच्याकडे अशी बिलं रोज येतात. क्यूआर स्कॅन केला तर नाव आलं एका मोबाईल शॉपीचं. माझा अंगठा थांबला होता. मी विचारलंसुद्धा, “हे नाव कुणाचं?” “सरांच्या भावाचं, आमचं खातं अपडेट होतंय.” त्याच क्षणी मुलगा रडायला लागला, मागे रांग होती, आणि मी पिन टाकला. ७५,५२० रुपये, एका झटक्यात. पतसंस्थेत अशी पावती घेऊन कुणी आलं असतं तर मी काउंटरवरूनच परत पाठवली असती.

आठवड्याला तीन दिवस, चाळीस मिनिटं. आईला आत प्रवेश नाही. “आई समोर असली की मूल बोलत नाही,” म्हणे. मी बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून आतून येणारं संगीत ऐकायची. पुढे मला खऱ्या स्पीच थेरपिस्ट, म्हणजे बोलण्याचे उपचार करणाऱ्या ताई भेटल्या, त्यांनी पहिल्याच दिवशी मला जमिनीवर मुलासमोर बसवलं. म्हणाल्या, “आठवड्यातला एक तास माझा, बाकीचा सगळा वेळ तुमचा. तुम्हाला शिकवलं नाही तर माझा काय उपयोग?” दार लावून घेणाऱ्यांपासून लांब राहा.

१२ जुलैला ते हेडफोनचं यंत्र गळ्यात मारलं. रोज दोनदा, वीस-वीस मिनिटं. मुलगा ते ओढून काढायचा, मी हात धरून पुन्हा लावायची. माझ्याच हातांनी.

ऑगस्टच्या मध्यावर एसटी स्टँडवर दुसरी एक आई भेटली, तिची मुलगी तिथेच यायची. गाडी उशिरा होती म्हणून आम्ही दोघींनी ब्रेन मॅपिंगचे रिपोर्ट काढले. तेच रंग, तेच गोळे, डावा मेंदू ३८ टक्के, उजवा ६२. तिच्या मुलीचाही तेवढाच. दोन्हींत ‘भाषा’ हा शब्द ‘भाष’ असा छापलेला. आम्ही दोघी काही बोललो नाही. गाडी आली, ती गेली. तरीही मी पुढे तीन आठवडे मुलाला नेत राहिले. पैसे भरले होते ना! निदान दिवस तरी पूर्ण करू, असं वाटत होतं. भरलेल्या पैशासाठी आणखी दिवस घालवू नका, माझं ऐका.

हरतालिकेच्या दिवशी, ६ सप्टेंबरला, ‘गणपतीनिमित्त सुट्टी’ असा कागद दारावर लागला. ७६ वा दिवस होता. ते दार पुन्हा उघडलं नाही. फोन बंद. लेखी गॅरंटीवर पत्ता होता तो त्या भाड्याच्या गाळ्याचाच.

रस्ता दाखवला तो आमच्या अंगणवाडीच्या ताईंनी. त्या म्हणाल्या, “अहो, जिल्हा रुग्णालयात डीईआयसी आहे, मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखायचं केंद्र, तिथे फुकट तपासतात. आमच्या यादीतून पोरं जातात की.” हे केंद्र ज्या सरकारी योजनेत येतं तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, आणि मला, तालुक्याच्या गावात राहणाऱ्या शिकलेल्या बाईला, तो माहीत नव्हता. कारण त्याचं फ्लेक्स लागत नाही. फसवणाऱ्यांचं चौकाचौकात लागतं.

कानाच्या डॉक्टरांनी दोन मिनिटं आत बघितलं, मग टिम्पॅनोमेट्री, म्हणजे कानाचा पडदा नीट हलतो का याची तपासणी केली. दोन्ही कानांत पडद्यामागे चिकट पाणी साचलेलं. सर्दी मुरून होतं म्हणाले. काही आठवडे वाट बघून पुन्हा तपासलं, पाणी तसंच होतं, मग छोटं ऑपरेशन करून पडद्यात ग्रोमेट, म्हणजे बारीक नळ्या बसवल्या. घरी येताना रिक्षाच्या हॉर्ननं त्याने दोन्ही हात कानांवर ठेवले. मी रस्त्यातच रडले.

नंतर थेरपिस्ट ताईंनी जे सांगितलं त्याला पैसे पडत नाहीत, म्हणून इथे देते. ‘बोल, म्हण, हे काय आहे’ ही परीक्षा बंद करायची. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसायचं. तो ज्याच्याकडे बघतोय त्याचंच नाव घ्यायचं. एका हातात दूध, एका हातात पाणी धरून “दूध की पाणी?” विचारायचं आणि मनात दहापर्यंत मोजत गप्प राहायचं. ते गप्प राहणं सगळ्यात अवघड. आंघोळीला मी तांब्या वर धरायची, “ओत” म्हणायची आणि पाणी ओतायची. आठवडाभर असं केल्यावर एक दिवस तांब्या वर धरला आणि मीच काही बोलले नाही. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, अंगावर काटा आलेला, आणि म्हणाला, “ओ.” मी सगळी बादली त्याच्यावर रिकामी केली. आता म्हणतो, “आई, गरम ओत.”

सगळ्याच मुलांचा प्रश्न कानाचा नसतो, स्वमग्नता (ऑटिझम) असते, इतरही कारणं असतात. पण दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नसेल तर तपासायला न्या, चौथ्या वर्षाची वाट बघू नका.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, “पैसे तुम्ही स्वतःहून दिले ना? मग फसवणूक कसली?” दुसऱ्या खेपेला म्हणाले, फौजदारी कायदा १ जुलैपासून बदललाय, जूनचे पैसे जुन्या कायद्यात, कलम ४२० मध्ये, आणि जुलैपासूनचे नव्या कायद्यात, कलम ३१८ मध्ये, तर साहेबांना विचारावं लागेल. साहेब बंदोबस्तावर. तिसऱ्या खेपेला सायबरकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, ओटीपी गेला नाही, लिंक दाबली नाही, हे आमचं नाही. बँक म्हणाली, व्यवहार तुम्हीच केलाय. आरोग्य विभागात गेले तर तिथले कारकून म्हणतात, त्यांनी स्वतःला डॉक्टर म्हटलं असतं तर बोगस डॉक्टर म्हणून कारवाई करता आली असती, ‘एक्स्पर्ट’ म्हटलंय. म्हणजे चोरानं कोणता शब्द वापरला यावर मला न्याय! नगरपालिका म्हणाली, परवाना गाळामालकाला विचारा. गाळामालक म्हणाला, माझंही दोन महिन्यांचं भाडं बुडालंय. प्रत्येक ठिकाणी अर्जाची पोच मागायला लागली, मागितल्यावर “तुमचा विश्वास नाही का?” असं ऐकायला लागलं. नाही माझा विश्वास. विश्वास ठेवूनच इथवर आले. सहा रजा गेल्या. एका साहेबांनी तर मला सुनावलं, “मुलाला मोबाईल कमी द्या, बोलेल आपोआप.”

स्पीच थेरपिस्टना भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी लागते. १९९२ चा कायदा आहे. नोंदणीशिवाय काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. दंड किती? जास्तीत जास्त १,००० रुपये. वाचून माझे हात थरथरले. तरीही नोंदणी क्रमांक मागाच, सीआरआर नंबर म्हणतात त्याला, परिषदेच्या वेबसाइटवर तपासता येतो. खरी माणसं तो न मागता सांगतात. आणि ‘गॅरंटी’ हा शब्द कानावर पडला की उठा, चहासाठीही थांबू नका. सगळे पैसे आगाऊ कुणालाही देऊ नका, जेवढी सेशन होतील तेवढ्याचेच द्या.

शेवटी मी जिल्हा ग्राहक आयोगात गेले. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही, वकील नसला तरी चालतो, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पहिली नोटीस ‘पत्त्यावर राहत नाही’ शेरा घेऊन परत आली. आता मोबाईल शॉपीवाल्याचं नाव घालून दुसरी काढायचीय.

एसटी स्टँडवरची ती आई आणि आणखी एक, अशा आम्ही तिघी आता एकत्र आहोत. आयोगाची परवानगी घेऊन अनेकांच्या वतीने एकच तक्रार करता येते. तुमच्याकडेही तसा ३८ टक्क्यांचा कागद असेल तर फाडू नका. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट, पावती आणि थेंबांची बाटली सांभाळून ठेवा. बाटलीवर परवाना क्रमांक नाही, उत्पादनाची तारीख नाही, हे मी भिंगाखाली बघितलंय. माझ्या तिन्ही बाटल्या कपाटात आहेत, एक अजून उघडलेलीसुद्धा नाही.