एक्झोराची सहा झाडं आणि जळगावची काळी माती : १४ महिन्यांचा अनुभव

परवा नर्सरीवाल्याशी पुन्हा वाजलं म्हणून लिहायला बसलो. गेल्या जूनमध्ये कंपाउंडच्या कडेने एक्झोरा, कण्हेर, टिकोमा आणि बोगनवेल अशी फुलझुडपं लावली. एक्झोराची सहा रोपं, प्रत्येकी १८० रुपये. मला त्या लाल गुच्छांचीच हौस होती, बाकीची जागा भरायला घेतलेली.

ऑक्टोबरपर्यंत एक्झोराची नवी पानं पिवळी पडायला लागली. पण पूर्ण पिवळी नाही, शिरा हिरव्यागार आणि मधला भाग लिंबासारखा, पान उन्हाकडे धरलं की हिरवी जाळीच दिसायची. नर्सरीवाला म्हणे "भाऊ, पाणी कमी पडतंय." पाणी वाढवलं तर आणखी पिवळी. मग म्हणे युरिया टाका, टाकला, काही फरक नाही. हजार रुपयांच्या वर गेले होते, राग येणारच ना.

यावलला मावसभाऊ केळी करतो, त्याने फोटो बघूनच सांगितलं, "लोह उचलत नाहीये ते. आधी माती तपास." तपासली तर सामू (पीएच) ८.३, म्हणजे माती अल्कधर्मी, आणि चुनखडी भरपूर. अशा जमिनीत लोह असतं पण मुळांना मिळत नाही, आणि आपलं बोअरचं जड पाणी त्यात भरच घालतं. एक्झोराला आम्लधर्मी माती लागते, कोकणातल्या जांभ्याच्या लाल मातीत तो मजेत वाढतो. हे विकतानाच सांगायला नको का? माझी तक्रार एवढीच आहे.

आधी स्वस्तातलं हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट हे लोहाचं खत, घातलं. पंधरा दिवस पानं हिरवी, मग परत तेच, कारण चुनखडीच्या मातीत ते लगेच निकामी होतं. भावाने मग ईडीडीएचए चिलेटवालं लोह घ्यायला लावलं, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह. साधं ईडीटीए चिलेटवालं आपल्या मातीत टिकत नाही म्हणे. पाण्यात टाकलं की पाणी गडद लाल होतं, हाताला लागलं तर डाग. तीन आठवड्यांत नवी पानं खरंच हिरवी आली! पण त्या पुडीच्या पैशात कण्हेरीची दहा रोपं आली असती.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला, जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या आणि पश्चिमेकडचे दोन एक्झोरा वाळून गेले. त्याच उन्हात गुलाबी कण्हेर भरभरून फुलली, पाणी आठवड्यातून एकदाच, तेही आठवण आली तर. शेळ्याही तोंड लावत नाहीत. पण तिचा चीक, पानं, फुलं सगळंच विषारी, घरात रांगतं मूल असेल तर लावूच नका. टिकोमाही पिवळाधमक, फक्त शेंगा वेळेवर छाटा, नाहीतर बी पडून जिथे तिथे रोपं उगवतात. बोगनवेलीला मी पावसाळाभर खत-पाणी दिलं तर नुसता पाला, डिसेंबरात ठिबकची नळी बंद केली तेव्हा फेब्रुवारीत रंग आला.

आधी लिहिणार होतो की खान्देशात एक्झोरा घेऊच नका. पण जूनमध्ये दोन झाडं उकरून लाल माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि शेणखताच्या कुंडीत लावली, गच्चीच्या पाइपाखाली ड्रम ठेवून त्यांना फक्त पावसाचं पाणी देतोय, आणि काल पहिला गुच्छ उमलला. जवळून बघितलं तर एकेक फूल चारच पाकळ्यांचं, खाली लांब बारीक नळी, आणि अशी कितीतरी एका देठावर. आईने ते देवाला तोडू दिलं नाही, म्हणाली राहू दे झाडावर. त्यामुळे मत बदललं, कुंडीत घ्या, जमिनीत नको. जमिनीतल्या उरलेल्या दोघांवर आता औषधाचा एक रुपयाही घालणार नाही, दिवाळीनंतर तिथे कण्हेर लावतोय, छाटलेल्या फांद्या आत्ताच पाण्यात ठेवल्यात.