एलसीसी की व्हीएससी: मला फिल्टर यार्डानं ठरवून दिलं

थायरिस्टर चालू करता येतो पण मनात येईल तेव्हा बंद करता येत नाही, आयजीबीटीला दोन्ही जमतं, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यासाठीच हे लिहितोय. एसी वीज डीसी करून लांब नेणाऱ्या स्टेशनांत थायरिस्टरवर चालतं ते एलसीसी (लाइन कम्युटेटेड कन्व्हर्टर), आयजीबीटीवर चालतं ते व्हीएससी (व्होल्टेज सोर्स कन्व्हर्टर). बडोद्यात अशी माणसं कमी नाहीत. माणेजा-मकरपुऱ्याच्या बाजूला ट्रान्सफॉर्मर-स्विचगियरमध्ये आयुष्य गेलेले लोक भेटतात, आणि डीसीचा विषय निघाला की सेवउसळ गार होते.

मी बारा वर्षं एलसीसीच्या स्टेशनवर काढली. पुढे सल्लागारीत आलो आणि एका मध्यम आकाराच्या लिंकसाठी शिफारस लिहायची वेळ आली, तेव्हा व्हीएससी लिहिलं. याचा अर्थ एलसीसी वाईट असा नाही. चंद्रपूर-पडघे ही साडेसातशे किलोमीटरची, ±५०० केव्ही, १५०० मेगावॉटची लाइन याच जातीची. रायगढ-पुगलूर (आपलं रायगड नव्हे, छत्तीसगडमधलं) ±८०० केव्हीवर ६००० मेगावॉट नेते, तीही एलसीसीच. एवढी वीज एका दिशेनं, उघड्या तारांवरून, दोन्ही टोकांना दणकट ग्रिड असताना न्यायची असेल तर मीही फार डोकं खाजवणार नाही.

माझा जीव गेला तो फिल्टरपायी.

एलसीसी जेवढे मेगावॉट वाहतं त्याच्या निम्म्याहून जास्त रिअॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करणारी, पण व्होल्टेज सांभाळायला लागणारी) प्रत्येक टोकाला खातं, वर अकराव्या-तेराव्या हार्मोनिकचा (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतल्या नको त्या लहरींचा) कचरा ग्रिडमध्ये टाकतं. दोन्हीवर इलाज एकच, यार्डात उभ्या कॅपॅसिटरच्या फिल्टर बँका. पॉवर वाढली की एक बँक घ्या, उतरली की काढा. लोड ठरलेला असायचा तोवर हे सुखाचं होतं. दिवसाला चारदोन वेळा ब्रेकर वाजला की झालं. मग सौर वीज आली. सकाळी चढ, ढग आला की उतार, संध्याकाळी घसरगुंडी. माझ्याकडे आलेख नाही, पण शेवटच्या दोन वर्षांत कंट्रोल रूममधल्या रजिस्टरची पानं आधीपेक्षा कितीतरी लवकर भरायची, एवढं नक्की सांगतो.

रात्रीची गंमत वेगळीच. पॉवर अगदी कमी असली तरी हार्मोनिकसाठी किमान एकदोन बँका ठेवाव्याच लागतात, म्हणजे गरज नसताना रिअॅक्टिव्ह जादा होतं. दीडच्या सुमाराला लोड डिस्पॅचचा फोन: "व्होल्टेज चढतंय, काहीतरी करा." काय करणार? फायरिंग अँगल वाढवून, म्हणजे थायरिस्टर जरा उशिरा चालू करून, तेच रिअॅक्टिव्ह व्हॉल्व्हला (थायरिस्टरच्या माळांना) खाऊ घालायचं. आधी पैसे खर्चून बनवायचं, मग पैसे खर्चून जिरवायचं.

आणि अनबॅलन्सचा अलार्म! बँकेतला एखादा कॅपॅसिटर ढिला पडला की बँक बाहेर, बँक बाहेर की पॉवरवर मर्यादा. मग मे महिन्यातल्या दुपारी, शटडाउन घेऊन, मीटर हातात धरून कॅपॅसिटरचा एकेक डबा मोजत बसायचं. व्हॉल्व्ह हॉलमध्ये थंडगार थायरिस्टर वर्षानुवर्षं निमूट काम करतायत, आणि माणसं उन्हात डबे मोजतायत.

व्हीएससीचं स्टेशन पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी फिल्टर यार्ड कुठंय म्हणून विचारलं होतं. रिअॅक्टिव्ह हवं तसं देतं-घेतं, मेगावॉटशी त्याची गाठ नाही. वीज उलटी फिरवायला पोलॅरिटी बदलावी लागत नाही, त्यामुळे साध्या एक्सएलपीई (प्लास्टिक इन्सुलेशनच्या) केबलही चालतात. मुंबईची कुडूस-आरे लिंक किंवा पुगलूर-त्रिशूर, दोन्ही ±३२० केव्ही, व्हीएससीवर गेल्या त्या काही हौसेनं नव्हे. पावसाळ्यात शेजारच्या एसी लाइनवर वीज पडून होणारं कम्युटेशन फेल्युअर (थायरिस्टर वेळेवर बंद न होणं) इथे नाहीच, त्यावर आणखी काय लिहायचं.

खोट सांगायलाच हवी. एलसीसीत प्रत्येक स्टेशनचा लॉस साधारण ०.७ टक्के, व्हीएससीत एकच्या आसपास. सहा हजार मेगावॉटला हा फरक झोप उडवेल, पाचशेला मला तरी उडवला नाही. किंमतही जास्त. दुसरं म्हणजे उघड्या तारांवर फॉल्ट आला तर एलसीसी अँगल मागे ढकलून करंट शून्य करतं आणि क्षणात पुन्हा उभं राहतं. हाफ-ब्रिज (कमी स्विचच्या, साध्या) व्हीएससीला एसी ब्रेकर उघडावा लागतो, परत यायला वेळ जातो. जास्त स्विचचं फुल-ब्रिज घेतलं तर हे सुटतं, पण लॉस आणखी वाढतो. लांबच लांब उघडी लाइन असेल तर माझं मत थोडं बाजूला ठेवा.

आपल्याच गुजरातेत बघा. कच्छमधल्या खावड्यातून नागपूरला जायची आखणी ±८०० केव्ही एलसीसीची, आणि त्याच खावड्यातून सुरतेजवळ ओलपाडला जायची ±५०० केव्ही व्हीएससीची. वीज एकाच वाळवंटातली, निवड दोन.

तुमची लिंक हजार-दोन हजार मेगावॉटच्या आत असेल, केबल असेल किंवा एक टोक लेचंपेचं असेल, तर मी व्हीएससीकडेच झुकेन. तरी सही करण्याआधी एखाद्या जुन्या एलसीसी स्टेशनवर जाऊन या. व्हॉल्व्ह हॉल सगळेच दाखवतात. तुम्ही फिल्टरच्या ब्रेकरवरचा काउंटर वाचा, आणि ड्युटीवरच्या पोराला विचारा, शेवटचे डबे कधी मोजले.