डावा पाय रिकामा, डोकं नाही: डीसीटी गाडीचे दहा महिने

दसऱ्याला गाडी घरी आली आणि पूजेनंतरचे चार दिवस बेसमेंटमध्येच उभी राहिली. कारण आमचा रॅम्प. नाशिकच्या गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला आमची सोसायटी आहे. बेसमेंटमधून वर येणारा चढ अंगावर येतो, मध्येच डावीकडे वळण आहे, आणि माथ्यावर पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून सिमेंटची चार बोटं उंच कड बांधलेली आहे. कडेपलीकडे दोन पावलांवर फाटक आणि फाटकाबाहेर लगेच रस्ता. जुन्या मॅन्युअल गाडीने हा रॅम्प मी अकरा वर्षं चढले. हाफ क्लच, थोडी रेस, हँडब्रेक सोडला की गाडी वर. नव्या गाडीत क्लचचं पेडलच नाही, म्हणजे आणखी सोपं असायला हवं होतं. शोरूममधला मुलगा म्हणालाही होता, "मॅडम, अ‍ॅक्टिव्हासारखी चालते."

नाही चालत. आता ९,२०० किलोमीटर झाले आहेत म्हणून ठामपणे सांगते. गाडीचं नाव मुद्दाम देत नाही. पुढे लिहिलेलं बरंचसं कोरड्या क्लचच्या कुठल्याही डीसीटीला, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गाडीला, लागू पडतं, आणि नाव दिलं की लोक गाडीवर भांडत बसतात.

शोरूमवाले 'ऑटोमॅटिक' या एका शब्दात चार वेगळ्या जाती विकतात. एएमटी म्हणजे मॅन्युअलच, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला यंत्र बसवलेलं. सीव्हीटीत पट्टा असतो, स्कूटरसारखा. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाचा जोर तेलातून पुढे जातो, म्हणून ती गाडी मऊ सुटते आणि चढावर रेटा सहन करते. डीसीटीत मात्र खरेखुरे क्लच आहेत, आणि तेही दोन. सम-विषम तारखांच्या पार्किंगचे बोर्ड आठवा. एक क्लच पहिला, तिसरा, पाचवा, सातवा सांभाळतो, दुसरा सम गिअर. गाडी दुसऱ्यात असताना तिसरा आधीच लावून ठेवलेला असतो. वेळ आली की एक क्लच सुटतो, दुसरा धरतो. मध्ये जोर तुटत नाही. हायवेवर याची मजा कळते, गिअर कधी पडला ते पोटातल्या चहालाही समजत नाही. काही गाड्यांत हे क्लच तेलात बुडवलेले असतात, त्यांना ओले म्हणतात. ते थंड राहतात. माझ्या गाडीतले कोरडे आहेत, ते फक्त हवेवर थंड होतात. गाडी घेताना हा फरक मला कोणी सांगितला नाही. मीही विचारला नाही, रंग निवडत बसले.

मुलाने फोनवर आणखी ज्ञान दिलं. दोन क्लचची ही युक्ती १९८० च्या दशकात रेसच्या गाड्यांत वापरली गेली आणि रोजच्या वापराच्या गाडीत फोक्सवॅगनने २००३ मध्ये गोल्फ आर३२ वर आणली. म्हणजे पळण्यासाठी जन्मलेला गिअरबॉक्स आणून आपण तो संध्याकाळी रविवार कारंजावर रांगायला लावतो.

पहिला त्रास गाडीचा नव्हता, माझ्या डाव्या पायाचा होता. गाडी बाहेर काढायला लागल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी जेहान सर्कलला सिग्नल पिवळा झाला. सवयीने डावा पाय क्लच दाबायला गेला आणि तिथे सापडला तो ऑटोमॅटिकचा रुंद ब्रेक. क्लच आपण तळापर्यंत दाबतो, तसाच दाबला. गाडी जागच्या जागी खिळली, सासूबाईंच्या मांडीवरची मेथीची जुडी डॅशबोर्डवर आणि मागचा रिक्षावाला कसाबसा बाजूला. जाताना त्याने वाकून विचारलं, "ताई, बैल बिथरला का?" सासूबाई घरी येईपर्यंत बोलल्या नाहीत. मेथी निवडताना मात्र बोलल्या.

यावर माझा उपाय गावठी आहे, पण चालला. महिनाभर डाव्या पायातली चप्पल काढून गाडी चालवली. अनवाणी पायाला गाडीचा मॅट लागला की त्याला लगेच आठवायचं, आपलं इथे काही काम नाही. काढलेली चप्पल शेजारच्या सीटच्या पायाशी ठेवायची, आपल्या बाजूला नाही. सुटी चप्पल घसरून पेडलखाली गेली तर मेथीवर भागणार नाही.

पार्किंग शिकायला धाकट्या भावाला बोलावलं. तो दिंडोरीकडे द्राक्षं करतो, पिकअप चालवतो आणि माझ्या गाडीला 'खेळणं' म्हणतो. म्हसरूळ-मखमलाबादकडे नवे ले-आउट पडलेत, तिथले रस्ते सकाळी रिकामे असतात. त्याने पिकअपमधून कॅरेट आणले आणि आमच्या बेसमेंटमधल्या जागेच्या मापाने मांडले. एका बाजूला तीन कॅरेट एकावर एक, तो आमचा पिलर. पहिल्या अर्ध्या तासात पिलर दोनदा पाडला.

अडचण अशी होती. मॅन्युअलमध्ये इंच-इंच सरकायचं ते हाफ क्लचवर. इथे ब्रेकवरून पाय उचलला की गाडी आपोआप हळूहळू सरकते. पण ते सरकणं टॉर्क कन्व्हर्टरसारखं लोण्यासारखं नाही. क्लच धरायच्या आधी क्षणभर काहीच होत नाही, मग गाडी निघते. त्या क्षणात माणूस घाबरून रेस देतो. मग क्लच आणि रेस दोन्ही एकदम येतात आणि गाडी उडी मारते. पिलर पडतो.

"ताई, ह्या गाडीला क्लच नाही असं तुला कोण म्हणलं?" भाऊ कॅरेट रचता रचता म्हणाला. "आहे. तुझ्या हातात दिलेला नाही, एवढंच." दहा महिन्यांत गाडीबद्दल कोणी सांगितलेली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. त्यानंतर मी प्रत्येक वेळी स्वतःला विचारते, आत्ता जुन्या गाडीत डावा पाय कुठे असता? अर्ध्यावर असता, तर या गाडीतही आत कुठेतरी क्लच अर्ध्यावर घासतोय. पूर्ण दाबलेला असता, तर निवांत.

सपाटीवर रेसला हातच लावायचा नाही. म्हणजे पाय. गाडी ब्रेकवर चालवायची: ब्रेक थोडा सोडला की सरकते, दाबला की थांबते. स्टेअरिंग पूर्ण कापायचं ते गाडी सरकत असताना. डी (पुढे) मधून आर (रिव्हर्स) मध्ये टाकताना गाडी पूर्ण थांबू द्यायची आणि मनात 'एक' म्हणायचं. घाईत सरकत्या गाडीवर आर टाकला की आतून जो आवाज येतो, तो ऐकून आपल्यालाच लाजल्यासारखं होतं. रिव्हर्स कॅमेरा चांगला आहे, पण कॉलेज रोडला दोन बुलेटच्या मध्ये गाडी लावताना मी अजून आरशातच बघते. कॅमेऱ्याला बुलेटचं हँडल दिसत नाही.

आता रॅम्प. सपाटीवरची युक्ती इथे लागू पडत नाही, कारण चढावर नुसत्या सरकण्याचा जोर पुरत नाही. मी करायचे काय, तर वर येऊन कडेला चाक टेकवून थांबायचे आणि रस्ता मोकळा झाला की रेस द्यायचे. चार बोटांची कड, वर चढ, आणि टॉर्क कन्व्हर्टरसारखा जोर वाढवून देणारं आत काही नाही. गाडी अडते, आपण आणखी दाबतो, टर्बो जागा होतो आणि गाडी फाटकाबाहेर रस्त्यावर. एकदा दूधवाल्याची सायकल थोडक्यात वाचली. आता मी कडेच्या हातभर अलीकडे थांबते. ब्रेक सोडल्यावर हिल होल्ड दोन-तीन सेकंद गाडी धरून ठेवतो, तेवढ्यात हलकी पण एकसारखी रेस द्यायची आणि गाडी धरेपर्यंत पाय तसाच ठेवायचा. कडेपर्यंत येताना चाक फिरतं असतं, त्यामुळे कड सहज चढते. शक्य असेल तर किंचित तिरपं घेते, म्हणजे दोन्ही चाकं एकदम धडकत नाहीत. वॉचमनकाका वर उभे राहून हात दाखवतात. हे जमायला तीन आठवडे लागले.

गरम होण्याबद्दल सगळे विचारतात. शहरात एकदाही झाली नाही, मे महिन्यातही नाही, आणि मी द्वारका चौकातून आणि इंदिरानगरच्या बोगद्यातून आठवड्यात चारदा जाते. पण चालवायची पद्धत बदलली. आधी पुढची गाडी वीतभर सरकली की मीही वीतभर सरकायचे, अर्धवट ब्रेकवर. म्हणजे क्लच सतत घासत राहणार. पार्किंगच्या एका मिनिटाला त्याने काही बिघडत नाही, वीस मिनिटांच्या कोंडीत बिघडतं. आता पुढे दीड गाडीची जागा होऊ देते आणि मग एकदम पुढे जाते. त्या जागेत नाशिकचे सगळे दुचाकीवाले शिरतात, ते गृहीत धरायचं. थांबल्यावर ब्रेक नीट दाबून ठेवला की क्लच सुटलेला असतो, त्यामुळे दर सिग्नलला न्यूट्रल करायची गरज नाही.

गरम झाली ती वणीच्या गडावर, फेब्रुवारीतल्या एका रविवारी. नांदुरीपासून वरचा घाट, पुढे गाड्यांची रांग, आणि स्टेअरिंगवर आमचे हे. दर वेळी थांबल्यावर ब्रेक दाबायचा सोडून रेसवरच गाडी चढाला तोलून धरत होते, मॅन्युअलमध्ये लोक हौसेने करतात तसं. चौथ्या-पाचव्या थांब्याला जळका वास आला, ओळखीचा, घाटात ट्रकच्या मागे येतो तो. मग स्क्रीनवर इशारा आला की गिअरबॉक्स तापलाय, गाडी सुरक्षित जागी थांबवा. बाजूला घेऊन पीमध्ये (पार्कमध्ये) टाकली, इंजिन चालू ठेवलं आणि वीसेक मिनिटं थांबलो. इशारा गेला. पुढचा घाट मी चालवला, ब्रेक आणि ऑटो होल्ड (थांबल्यावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय) वापरून, आणि काही झालं नाही. घरी ही गोष्ट सांगताना वास 'पुढच्या गाडीचा' असतो.

गड उतरताना मात्र डीवर विसंबू नका. उतारावर ती आपल्या मनाने वरचे गिअर टाकत जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. मॅन्युअल मोडमध्ये दुसरा गिअर धरून ठेवला की इंजिन गाडी ओढून धरतं. कसारा उतरतानाही हेच करते, फक्त तिथे तिसरा.

चढा-उतारावर गाडी लावायची सवयही बदलली. ब्रेक दाबून सरळ पीमध्ये टाकून पाय उचलला की गाडी बोटभर घसरते आणि तिचं सगळं वजन आतल्या एका लहानशा खिट्टीवर बसतं. निघताना पीमधून काढली की 'खट्ट'. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, काहीतरी तुटलं. आता ब्रेक दाबूनच न्यूट्रल, हँडब्रेक, मग ब्रेक सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्यायची, पुन्हा ब्रेक आणि शेवटी पी. लिहायला लांबलचक वाटतं, करायला तीन सेकंद लागतात. खट्ट बंद झालं.

एक गोष्ट माहीत असू द्या, ही गाडी ढकलून चालू होत नाही. दिवाळीत आठ दिवस गावी होतो, आतला दिवा चालू राहिला, बॅटरी उतरली. सोसायटीतले पाचजण बाह्या सरसावून आले आणि माझं ऐकून हिरमुसले. शेवटी शेजाऱ्यांच्या गाडीवरून केबल जोडली.

बाकी थोडक्यात. शहरात लिटरला ११ किलोमीटरच्या आसपास मिळतं, हायवेला १७. हळू होऊन पुन्हा एकदम दाबली की गाडी क्षणभर विचारात पडते, कारण तिने खालचा गिअर तयार ठेवलेला असतो तेव्हा आपल्याला वरचा हवा असतो, किंवा उलट. ओव्हरटेकच्या आधी स्टेअरिंगमागच्या पॅडलने गिअर आपणच उतरवलेला बरा. सर्व्हिसला 'सुटताना थरथरते' अशी तक्रार केली तर पहिल्यांदा 'असंच असतं' हे उत्तर मिळालं. दुसऱ्यांदा मी ती लेखी दिली, मग त्यांनी सॉफ्टवेअर अपडेट केलं आणि थरथर बरीच कमी झाली. वॉरंटीत क्लच झिजणारा भाग म्हणून धरलाय का, हे गाडी घेण्याआधी लेखी विचारून घ्या. मी नंतर विचारलं.

पुन्हा घेईन का? हो, पण ओल्या क्लचची. माझं निम्मं चालवणं गर्दीतलं आहे. रोज हायवेने ओझर किंवा सिन्नरला जाणाऱ्याला कोरडीही चालेल.

रॅम्पच्या माथ्यावरची कड थोडी तासून घ्यावी म्हणून सोसायटीत अर्ज दिलाय. मीटिंगमध्ये पावसाळ्यानंतर बघू असं ठरलं. चेअरमनसाहेबांची गाडी मॅन्युअल आहे.